कोशाची साडी, सूज उतरवणारी गोळी आणि वॉशिंग पावडर: सूक्ष्मजीवांचे प्रोटीएज एन्झाइम नेमकं काय करतात?

गेल्या दिवाळीत गोंदियाला घरी आलो होतो. मदत करायच्या उत्साहात आईची जुनी कोशाची साडी बाकीच्या कपड्यांसोबत मशीनमध्ये टाकली. पावडर 'एन्झाइमवाली' होती आणि मी भिजवण्याचा लांब मोड लावला. साडी बाहेर आली तेव्हा तिची चमक गेलेली होती आणि कापड हाताला खरखरीत लागत होतं. "अरे, कोसा कोणी मशीनमध्ये टाकतं का?" एवढंच आई म्हणाली. दोष एकट्या एन्झाइमचा नव्हता, मशीनच्या घुसळण्याचाही होता. पण पावडरच्या पाकिटावर मागे बारीक अक्षरात लिहिलेलं होतं की रेशीम आणि लोकर यांसाठी वापरू नका. ते मी वाचलंच नव्हतं.

त्याच आठवड्यात बाबांची दाढ सुजली. डॉक्टरांनी दिलेल्या गोळीच्या पट्टीवर एक लांबलचक नाव होतं: सेराशियोपेप्टिडेज. मोबाइलवर शोधलं तर पहिल्याच काही ओळींत आलं, 'रेशीमकिड्यापासून मिळणारं एन्झाइम'. म्हणजे एकीकडे रेशीम खराब करणारं एन्झाइम आणि दुसरीकडे रेशीमकिड्याचं एन्झाइम! शोधत गेलो तेव्हा कळलं की दोन्ही सूक्ष्मजीवांनी बनवलेले प्रोटीएज आहेत, आणि दोघांबद्दल इंटरनेटवर अर्धवट माहितीच जास्त फिरते. म्हणून हा लेख.

थोडक्यात

• प्रोटीएज म्हणजे प्रथिनांची, म्हणजे प्रोटीनची साखळी कापणारं एन्झाइम. एन्झाइमला शाळेच्या पुस्तकात 'विकर' म्हणतात.
• जिवाणू आणि बुरशी हे एन्झाइम अन्न मिळवायला बाहेर सोडतात आणि पेशीच्या आत साफसफाईलाही वापरतात.
• कुठलं प्रोटीएज काय कापेल, कुठे चालेल आणि कुठे निकामी होईल, हे त्याच्या रचनेवर ठरतं.
• म्हणून लेबलवर नुसतं 'एन्झाइम' वाचून काहीच कळत नाही. कोणतं, कशासाठी आणि कोणत्या परिस्थितीत, हे विचारावं लागतं.

प्रोटीएज म्हणजे काय?

प्रथिन ही अमिनो आम्लांची लांब साखळी असते. एकूण २० प्रकारचे मणी आहेत असं समजा. त्यांचा क्रम बदलला की प्रथिन बदलतं. अंड्याचा पांढरा भाग, डाळीतलं प्रोटीन, आपले केस, रेशीम, रक्तातलं हिमोग्लोबिन, सगळ्यांत हेच मणी आहेत. दोन मण्यांना जोडणाऱ्या दुव्याला पेप्टाइड बंध म्हणतात.

हा बंध चिवट असतो. साध्या पाण्यात, सामान्य तापमानाला, कुणाची मदत न घेता तो आपोआप तुटायची वाट बघितली तर शेकडो वर्षं लागू शकतात. तसं नसतं तर आपण पावसात विरघळलो असतो. पण जेवणातली डाळ आपल्या पोटात काही तासांत पचते, कारण तिथे प्रोटीएज असतात. ते पाण्याचा एक रेणू वापरून बंध तोडतात आणि स्वतः जसेच्या तसे राहून पुढच्या बंधाकडे वळतात. एकच एन्झाइम हेच काम हजारो वेळा करतं.

जिवाणूला याची गरज का पडते?

गोंदिया जिल्ह्यात धान निघाल्यावर बांधीत धसकटं राहतात आणि घरोघरी तणसीचे ढीग लागतात. या मातीत आणि तणसीवर राहणारा एक प्रसिद्ध जिवाणू आहे, बॅसिलस सबटिलिस. जगभरातल्या मातीत तो सापडतो. त्याला तोंड नाही, पोट नाही. बाहेर पडलेला किड्याचा तुकडा किंवा कुजलेलं मूळ त्याच्यापेक्षा कितीतरी मोठं असतं, आणि पेशीच्या भिंतीतून आख्खं प्रथिन आत जाऊ शकत नाही.

मग तो उलटं करतो. पोट आत ठेवण्याऐवजी पाचक रसच बाहेर सोडतो. प्रोटीएज बाहेरच्या प्रथिनाचे बारीक तुकडे करतात आणि पेशी ते तुकडे आत ओढून घेते.

जपानमध्ये पूर्वी उकडलेलं सोयाबीन भाताच्या तणसात गुंडाळून ठेवायचे. तणसावरचा हाच जिवाणू ते आंबवायचा आणि त्यातून नाट्टो हा पदार्थ तयार व्हायचा. आपल्याकडे तणस गुरांपुढे जातं, तिकडे त्यातून एक खाद्यसंस्कृती तयार झाली. जिवाणू तोच.

दुधातले जिवाणूही हे करतात. लॅक्टोकोकस आणि लॅक्टोबॅसिलस गटातल्या अनेक जिवाणूंना काही अमिनो आम्लं स्वतः बनवता येत नाहीत. त्यांच्या पेशीच्या बाहेरच्या भिंतीवर एक मोठं प्रोटीएज बसवलेलं असतं. ते दुधातल्या केसीन या प्रथिनाचे तुकडे करतं. मात्र दही लागतं ते प्रोटीएजमुळे नाही. जिवाणू लॅक्टिक आम्ल बनवतात, त्या आंबटपणामुळे केसीन एकत्र येऊन दही घट्ट होतं. खूप दिवस राहिलेलं दही कधी कधी कडवट लागतं, त्यात मात्र केसीनच्या कापलेल्या तुकड्यांचा हात असू शकतो.

रचना: सबटिलिसिन उघडून बघूया

बॅसिलस गटातले जिवाणू जे प्रोटीएज बाहेर सोडतात त्यातलं सर्वांत अभ्यासलेलं म्हणजे सबटिलिसिन. वॉशिंग पावडरमध्ये बहुतेक वेळा याच घराण्यातलं एन्झाइम असतं. त्याची त्रिमितीय रचना १९६९ मध्ये एक्स-रे वापरून उलगडली गेली.

सबटिलिसिनच्या साखळीत २७५ अमिनो आम्लं असतात. ती घडी घालून एक गोळा बनतो. गोळ्याच्या एका बाजूला खाच असते आणि कापायच्या प्रथिनाची साखळी त्या खाचेत आडवी बसते. खाचेच्या तळाशी खरं हत्यार असतं. ते फक्त तीन अमिनो आम्लांचं आहे:

• सेरीन, क्रमांक २२१: प्रत्यक्ष हल्ला करणारं.
• हिस्टिडीन, क्रमांक ६४: सेरीनकडून प्रोटॉन काढून घेऊन त्याला हल्ल्यासाठी तयार करणारं.
• ॲस्पार्टिक आम्ल, क्रमांक ३२: हिस्टिडीनला योग्य दिशेने धरून ठेवणारं.

क्रमांक बघा. साखळीत ही तिघं एकमेकांपासून खूप लांब आहेत. घडी पडल्यावरच ती शेजारी येतात. म्हणून उष्णतेने घडी उलगडली की साखळी एकही ठिकाणी न तुटता एन्झाइम निकामी होतं. कोड तसाच राहतो, पण प्रोग्रॅम चालत नाही.

कापण्याची क्रिया अशी होते:

१. प्रथिनाची साखळी खाचेत बसते. तिथले कप्पे ठराविक आकाराच्या मण्यांना जास्त पसंती देतात.
२. सेरीनचा ऑक्सिजन पेप्टाइड बंधातल्या कार्बनवर हल्ला करतो.
३. क्षणभर एक अस्थिर अवस्था तयार होते. तिला सावरायला शेजारीच एक छोटी पोकळी असते.
४. बंध तुटतो. साखळीचा एक तुकडा सुटून जातो, दुसरा सेरीनला चिकटून राहतो.
५. पाण्याचा रेणू येतो आणि चिकटलेला तुकडा सोडवतो. सेरीन पुन्हा मोकळं होतं.

या तिघांपैकी सेरीन काढून त्या जागी दुसरं साधं अमिनो आम्ल बसवलं तर काय होतं, हे १९८८ मध्ये तपासलं गेलं. एन्झाइमचा वेग सुमारे २० लाख पटींनी पडला. बाकीचे २७४ मणी जागच्या जागी असूनही.

अजून एक गंमत. आपल्या पोटातल्या कायमोट्रिप्सिन या एन्झाइममध्येही सेरीन, हिस्टिडीन आणि ॲस्पार्टिक आम्ल हेच त्रिकूट असतं. पण दोघांच्या बाकीच्या रचनेत काहीही साम्य नाही. म्हणजे दोघं एका पूर्वजाकडून आलेले नाहीत. दोन टीमनी एकमेकांचा कोड न बघता सारखाच अल्गोरिदम शोधावा, तसं उत्क्रांतीने हे उत्तर दोनदा स्वतंत्रपणे शोधलं.

मोबाइलवर बघायचं असेल तर प्रोटीन डेटा बँक या मोफत संकेतस्थळावर इंग्रजीत सबटिलिसिन टाइप करा. बोटाने फिरवून ही रचना सगळ्या बाजूंनी बघता येते. वर दिलेले तीन क्रमांक शोधा.

हे एन्झाइम बनवणाऱ्यालाच का कापत नाही?

जिवाणू स्वतःही प्रथिनांचाच बनलेला आहे. मग असं हत्यार पेशीच्या आत बनवायचं कसं?

सबटिलिसिन तयार होताना साखळी २७५ मण्यांची नसते. पुढे दोन जादा भाग जोडलेले असतात. पहिला २९ मण्यांचा, तो 'हे पेशीबाहेर पाठवा' असा पत्ता असतो. दुसरा ७७ मण्यांचा, तो दोन कामं करतो. आधी तो साच्यासारखा वागतो, त्याच्या आधाराने एन्झाइमची बरोबर घडी पडते. मग तो खाचेवरच झाकण होऊन बसतो. गॅस सिलिंडरच्या सीलबंद टोपीसारखं समजा. पेशीबाहेर पडल्यावर एन्झाइम हा भाग कापून टाकतं, झाकणाचेही तुकडे होतात आणि मगच काम सुरू होतं. म्हणजे लॉक आधी, ताकद नंतर. जवळपास सगळ्या पेशीबाहेर जाणाऱ्या प्रोटीएजमध्ये अशी काहीतरी सोय असते.

चार मोठी घराणी

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या, म्हणजे एनसीएलमधल्या माला राव, अपर्णा टंकसाळे, मोहिनी घाटगे आणि वासंती देशपांडे यांनी १९९८ मध्ये सूक्ष्मजीवांच्या प्रोटीएजवर एक मोठा आढावा लेख लिहिला. या विषयात जगभरातले संशोधक आजही त्याचा संदर्भ देतात. कापायला कोणतं हत्यार वापरलं जातं, त्यावरून मुख्य घराणी अशी:

• सेरीन प्रोटीएज: हत्यार सेरीन. उदाहरण सबटिलिसिन. अनेकांना अल्कधर्मी पाणी मानवतं.
• मेटॅलोप्रोटीएज: हत्यार धातूचा अणू, बहुधा जस्त. तो पाण्याच्या रेणूला धरून हल्ल्यासाठी तयार करतो. उदाहरण सेराशियोपेप्टिडेज.
• ॲस्पार्टिक प्रोटीएज: दोन ॲस्पार्टिक आम्लं. आंबट वातावरणात चालतात. बुरशींमध्ये भरपूर आढळतात. रायझोम्यूकर मिहाय या बुरशीचं असं एन्झाइम दूध नासवून चीज बनवायला वापरतात. वासराच्या पोटातलं रेनेट नको असणाऱ्यांसाठी हा पर्याय आहे. पाकिटावर 'मायक्रोबियल रेनेट' लिहिलेलं असतं ते बहुधा हेच.
• सिस्टीन प्रोटीएज: हत्यार गंधक असलेलं सिस्टीन. करोना विषाणूचं मुख्य प्रोटीएज याच प्रकारचं आहे. ते अडवणारं निर्मट्रेलव्हिर हे औषध २०२१ च्या अखेरीस वापरात आलं.

पेशीच्या आतली साफसफाई

सगळे प्रोटीएज बाहेर जात नाहीत. पेशीत चुकीची घडी पडलेली, अर्धवट राहिलेली किंवा काम संपलेली प्रथिनं साचत असतात. ती काढली नाहीत तर पेशी अडखळते. फोनमध्ये ॲपने सोडून दिलेली मेमरी परत मिळवणारा गार्बेज कलेक्टर असतो, तशीच ही व्यवस्था.

ई. कोलाय जिवाणूतलं सीएलपी-एक्सपी नावाचं यंत्र बघा. खाली १४ भागांचं पिंप असतं, सात-सातच्या दोन कड्यांचं. कापणारी सगळी पाती पिंपाच्या आत आणि तोंड इतकं अरुंद की घडी पडलेलं चांगलं प्रथिन चुकूनही आत पडत नाही. पिंपावर सहा भागांचं दुसरं कडं बसतं. ते एटीपीची ऊर्जा खर्च करून निवडलेलं प्रथिन उलगडतं आणि दोऱ्यासारखं आत सारतं.

निवड कशी होते? प्रथिन बनता बनता काम अडकलं, तर त्या अर्धवट प्रथिनाच्या शेवटी ११ अमिनो आम्लांची एक चिठ्ठी जोडली जाते. 'हे टाकून द्या' असा तिचा अर्थ. यंत्र ती चिठ्ठी ओळखतं. क्षयरोगाच्या जिवाणूला अशा अंतर्गत यंत्रांशिवाय जगता येत नाही, म्हणून नव्या क्षयरोगविरोधी औषधांचे शोधक या यंत्राच्या मागे लागले आहेत.

आता कोसा: पतंग बाहेर कसा पडतो?

गोंदिया, भंडारा, गडचिरोली आणि चंद्रपूरच्या जंगलात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसरच्या अळ्या वाढवल्या जातात. त्यांच्या कोशापासून मिळणारं रेशीम म्हणजे कोसा. कोशाच्या धाग्यात दोन प्रथिनं असतात. आत फायब्रोइन, म्हणजे खरा धागा. वर सेरिसिन, म्हणजे डिंक. टसरचा कोष विशेष कडक असतो, बोटाने दाबला तर सहज दबत नाही.

मग मऊ अंगाचा पतंग त्यातून बाहेर कसा येतो? तो तोंडातून कोकूनेज नावाचं प्रोटीएज सोडतो. हे त्याचं स्वतःचं एन्झाइम, जिवाणूचं नाही. सोबत पोटॅशियम बायकार्बोनेटचं पाणी सोडतो, त्यामुळे तिथला सामू सुमारे ८.५ राहतो आणि एन्झाइमला हवी ती अल्कधर्मी परिस्थिती मिळते. काफाटोस आणि विल्यम्स यांनी १९६४ मध्ये ही यंत्रणा मांडली. कोकूनेज सेरिसिनचा डिंक पचवतं, फायब्रोइनच्या धाग्याला जवळपास हात लावत नाही. डिंक सुटला की पतंग धागे बाजूला सारून बाहेर येतो.

यात या सगळ्या विषयाचं सार आहे. दोन्ही प्रथिनंच, पण एक कापलं जातं आणि दुसरं वाचतं. फायब्रोइनच्या साखळ्या एकमेकींना इतक्या घट्ट चिकटून असतात की एन्झाइमच्या खाचेत बसायला मोकळी साखळीच मिळत नाही.

धागा काढण्याआधी माणसालाही हेच काम करावं लागतं. कोष साबण-सोड्याच्या पाण्यात उकळून डिंक सैल करतात. त्यात इंधन जातं आणि जास्त सोड्याने धागाही कमजोर होतो. जिवाणूंचं अल्कधर्मी प्रोटीएज वापरून हे काम कमी तापमानाला करता येतं, म्हणून रेशीम संशोधनात त्यावर बरंच काम झालं आहे. पण वेळ आणि मात्रा मोजावी लागते.

माझी चूक इथेच होती. विणून तयार झालेल्या साडीत काढायला डिंक फारसा उरलेलाच नव्हता. फायब्रोइनमध्येही काही सैल भाग असतात. लांब भिजवणीत पावडरचं प्रोटीएज तिथे पोचतं, आणि ते काही कोकूनेजसारखं निवडक नाही. ते डाग कापण्यासाठी बनवलेलं आहे, आणि रेशीम काय आणि अंड्याचा डाग काय, त्याच्यासाठी दोन्ही प्रथिनंच.

वॉशिंग पावडरसाठी एन्झाइम कसं घडवलं?

रक्त, दूध, अंडं, घाम हे प्रथिनांचे डाग. ते कापडाला चिकटून बसतात. प्रोटीएज त्यांचे तुकडे करतं आणि मग साबण ते वाहून नेतो. १९१३ मध्ये जर्मनीत ऑटो रोम यांनी जनावरांच्या स्वादुपिंडातलं एन्झाइम धुण्यासाठी वापरलं. पण साबणाच्या पाण्यात ते टिकत नव्हतं. १९६० च्या दशकात बॅसिलसची अल्कधर्मी एन्झाइम आली आणि चित्र बदललं.

तरी एक अडचण राहिली. पावडरमधल्या ब्लीचमुळे एन्झाइम मरायचं. कारण सापडलं: हल्ला करणाऱ्या सेरीन २२१ च्या अगदी शेजारी, २२२ क्रमांकावर गंधक असलेलं मिथिओनीन आहे. ब्लीच त्या गंधकाला ऑक्सिजन चिकटवतं आणि काम मंदावतं. १९८५ मध्ये संशोधकांनी त्या एका जागी उरलेली सगळी १९ अमिनो आम्लं एकेक करून बसवून पाहिली. आमच्या भाषेत ब्रूट फोर्स. त्यातल्या काहींमुळे एन्झाइम ब्लीचमध्येही टिकलं.

फ्रान्सेस अरनॉल्ड यांनी वेगळा रस्ता घेतला. कुठला मणी बदलायचा याचा अंदाज न बांधता त्यांनी सबटिलिसिनच्या जनुकात यादृच्छिक बदल केले, चांगले निघालेले निवडले आणि त्यांच्यावर पुन्हा बदल केले. १९९३ मध्ये त्यांना असं सबटिलिसिन मिळालं जे ६० टक्के सेंद्रिय द्रावकात मूळ एन्झाइमपेक्षा २५६ पट काम करत होतं. या 'दिग्दर्शित उत्क्रांती'साठी त्यांना २०१८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

निसर्गात आधीच तयार असलेली एन्झाइम शोधणं हा तिसरा रस्ता, आणि त्यासाठी महाराष्ट्रात उत्तम जागा आहे. बुलडाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर उल्केच्या आघाताने बेसाल्ट खडकात बनलं आहे आणि त्याच्या पाण्याचा सामू १० च्या आसपास असतो. साबणाच्या पाण्यासारखंच. तिथे जगणाऱ्या बॅसिलस जातींमधून संशोधकांनी अल्कधर्मी प्रोटीएज वेगळी केली आहेत. पुण्याच्या एनसीएलमध्ये कोनिडियोबोलस या बुरशीच्या प्रोटीएजवर बरीच वर्षं काम झालं. ते डिटर्जंटसोबत कसं टिकतं हे तिथे तपासलं गेलं. जुन्या एक्स-रे फिल्मवरचा जिलेटिनचा थर पचवून त्यातली चांदी परत मिळवायलाही ते वापरून पाहिलं.

सेराशियोपेप्टिडेजची गोळी: रेशीमकिडा खरा, गोष्ट अर्धी

हे एन्झाइम सेराशिया नावाच्या जिवाणूचं आहे. १९६० च्या दशकात जपानमध्ये तो जिवाणू रेशीमकिड्याच्या आतड्यात सापडला. बस, रेशीमकिड्याशी नातं एवढंच. 'पतंग याच एन्झाइमने कोष फोडतो' असं अनेक ठिकाणी लिहिलेलं असतं, ते चूक आहे. पतंगाचं एन्झाइम कोकूनेज, हे आपण वर पाहिलं. आणि आज गोळीतलं एन्झाइम किड्यांपासून काढत नाहीत, जिवाणू टाक्यांमध्ये वाढवून मिळवतात.

रचना बघा. सुमारे ४७० अमिनो आम्लांची साखळी, मध्यभागी जस्ताचा एक अणू, त्याला धरून ठेवणारी हिस्टिडीन. शेपटाकडच्या भागात कॅल्शियमचे अनेक अणू, जे घडी टिकवून ठेवतात. जस्त काढलं की काम बंद.

आता पोटाचा विचार करा. जठरात तीव्र आम्ल आहे. तिथे ही घडी उलगडते आणि आपलंच पेप्सिन तिचे तुकडे करतं. म्हणून गोळीवर आम्लात न विरघळणारं आवरण असतं. ती चावून किंवा कुटून घेतली तर एन्झाइम जठरातच संपतं. आवरण टिकलं तरी पुढचा प्रश्न राहतो. एवढं मोठं प्रथिन आतड्यातून अख्खं रक्तात फारच थोडं जाऊ शकतं. सुजलेल्या दाढेपर्यंत किती पोचणार?

जपानमध्ये जिथून हे औषध आलं, तिथल्या ताकेदा कंपनीने नव्या चाचण्यांमध्ये बनावट गोळीपेक्षा जास्त फायदा दिसला नाही म्हणून २०११ मध्ये ते बाजारातून परत घेतलं. भारतात ते आजही वेदनाशामकांसोबत लिहून दिलं जातं. दाढ काढल्यानंतरच्या काही छोट्या अभ्यासांत फायदा दिसला आहे, पण पुरावा भक्कम नाही. याचा अर्थ डॉक्टरांनी दिलेली गोळी आपल्या मनाने बंद करा असा नाही. 'ही कशासाठी, गरज आहे का?' एवढं विचारायला हरकत नाही. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा. बाबांनी विचारलं, तेव्हा डॉक्टरांनी नुसत्या वेदनाशामकावर भागेल म्हणून सांगितलं.

घरी करून बघा

उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्या भागाचे तीन सारखे तुकडे आणि तीन जुने ग्लास घ्या.

१. पहिल्यात कोमट पाणी आणि एक चमचा एन्झाइमवाली पावडर.
२. दुसऱ्यात तेवढंच द्रावण, पण आधी दहा मिनिटं उकळून गार केलेलं.
३. तिसऱ्यात साधं पाणी.

प्रत्येकात एक तुकडा टाकून दोन दिवस उबदार जागी ठेवा. पहिल्या तुकड्याच्या कडा झिजलेल्या दिसायला हव्यात. दुसरा ग्लास महत्त्वाचा आहे. त्यात साबण आणि सोडा तेवढाच आहे, फक्त एन्झाइम मेलेलं. पहिल्या दोघांत जो फरक दिसेल तो एन्झाइमचा. पावडर हुंगू नका, हात धुवा आणि अंडं टाकून द्या.

नेहमीचे प्रश्न

रक्ताचा डाग गरम पाण्यात धुवावा का?
नाही. उकळत्या पाण्याने डागातलं प्रथिन अंड्यासारखं गोठून कापडात बसतं आणि एन्झाइमही मरतं. आधी थंड पाणी, मग कोमट पाण्यात पावडर घालून अर्धा तास भिजवा.

पावडरमुळे हाताची कातडी कापली जाते का?
कातडीच्या वरच्या थरातलं केराटिन सहज कापलं जात नाही. पण जखम असेल तर हातमोजे घाला. एन्झाइमची कोरडी धूळ श्वासात जाणं जास्त त्रासदायक. १९६० च्या दशकाच्या शेवटी डिटर्जंट कारखान्यांतल्या कामगारांना यामुळे दमा झाल्याचं दिसलं, तेव्हापासून एन्झाइम मेणासारख्या आवरणाच्या दाण्यांत भरतात. पावडरमधले रंगीत दाणे बऱ्याचदा तेच असतात.

नाट्टोकायनेजच्या गोळ्या ऑनलाइन मिळतात, घ्याव्या का?
नाट्टोकायनेज हे सबटिलिसिनच्याच घराण्यातलं. प्रयोगशाळेत ते रक्ताची गुठळी विरघळवतं. पण काचेच्या नळीतलं काम आणि गिळलेल्या गोळीचं काम यात जठर, आतडं आणि रक्तातले प्रोटीएज-रोधक येतात. रक्त पातळ करणाऱ्या औषधासोबत तर स्वतःच्या मनाने अजिबात नको.

मग कोसा धुवायचा कसा?
शक्यतो ड्रायक्लीन. घरीच धुवायचा असेल तर थंड पाणी, एन्झाइम नसलेला सौम्य द्रव साबण, भिजत ठेवायचं नाही, पिळायचं नाही, सावलीत वाळवायचं.

लेबल वाचताना तीन प्रश्न

पाकीट असो की गोळीची पट्टी, 'एन्झाइम' शब्द दिसला की तीन गोष्टी बघा. हे कोणत्या प्रथिनासाठी आहे? त्याला हवा तो सामू आणि तापमान इथे मिळणार आहे का? आणि जिथे काम करायचं आहे तिथपर्यंत ते पोचणार आहे का? साडीच्या वेळी पहिल्या प्रश्नाचं उत्तर पाकिटाच्या मागेच छापलेलं होतं. गोळीच्या वेळी तिसरा प्रश्न बाबांनी विचारला.